कायोटीच्या शिकारीसाठी कॅलिबर कसं निवडाल: टेक्सासमधल्या नव्या मराठी मंडळींसाठी

टेक्सासमध्ये दोन-तीन वर्षं काढली आणि ऑफिसात किंवा मुलांच्या शाळेत एखाद्या रँचवाल्याशी ओळख झाली, की कधीतरी विचारणा होतेच: 'कायोटी मारायला येतोस का?' कायोटी म्हणजे कोल्ह्या-लांडग्याच्या कुळातलं इथलं रानटी जनावर. सॅन अँजेलोपासून सोनोरापर्यंतच्या पट्ट्यात शेळ्यामेंढ्यांचे मोठे कळप आहेत. व्यायचा हंगाम आला की कोकरं आणि करडं पळवणाऱ्या कायोट्यांमुळे मालक वैतागलेला असतो. आपण हौसेनं 'हो' म्हणतो आणि मग प्रश्न पडतो, रायफल कुठली घ्यायची, आणि कुठल्या कॅलिबरची, म्हणजे कुठल्या मापाच्या काडतुसाची? चार जणांना विचाराल तर सहा उत्तरं मिळतील आणि प्रत्येक जण आपल्याच रायफलची वकिली करेल.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. पहिलीच रायफल असेल तर .२२३ रेमिंग्टन घ्या, बोल्ट अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर हातानं दांडी ओढून पुढचं काडतूस भरायची. त्याच रायफलनं हरीणही मारायचं असेल तर .२४३ विंचेस्टर. बाकी सगळा लेख हे उत्तर कुणाला लागू पडत नाही आणि रायफल हातात येण्याआधी काय सांभाळायचं, यासाठी आहे.

ज्यांना मुळात मारणंच पटत नाही त्यांच्याशी वाद नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झाली आणि आपण त्याच वातावरणात वाढलो. इथेही कळपासोबत ग्रेट पिरनीज जातीचे राखणीचे कुत्रे किंवा गाढवं ठेवणारे रँचवाले पुष्कळ आहेत. नुसतं मारत सुटल्यानं कायोटी संपत नाहीत, हेही खरं. शंभर वर्षांहून अधिक काळ त्यांच्यावर बंदुका, सापळे, विष सगळं चाललंय, आणि तेवढ्याच काळात ते पश्चिमेकडच्या माळरानांतून थेट अटलांटिकच्या किनाऱ्यापर्यंत पसरलेत. पण विशिष्ट कुरणात, व्यायच्या हंगामात, कळपाला चटावलेलं जनावर मारलं तर त्या मालकाला फरक पडतो. माझा सगळा रस तेवढ्यापुरता आहे.

१. आधी व्हिसा बघा, मग कॅटलॉग

आपल्यातले सगळ्यात जास्त लोक अडखळतात ते इथे, कारण अमेरिकन मित्राला हे ठाऊकच नसतं. 'टेक्सास आहे, दुकानात जा आणि घेऊन ये' असं तो मनापासून सांगतो. त्याच्यापुरतं ते खरंही असतं.

ग्रीन कार्ड असेल तर तुम्हाला वेगळी अट नाही. एच-वन-बी, एल-वन, एच-फोर, एफ-वन यांपैकी कुठल्याही व्हिसावर असाल, तर केंद्रीय कायद्यानं बंदूक किंवा काडतुसं बाळगायलाच मनाई आहे. त्याला काही मोजके अपवाद आहेत आणि आपल्या कामाचा एकच: अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचा चालू मुदतीचा शिकार परवाना. 'बाळगणं' यात विकत घेणं तर आलंच, पण रेंजवर भाड्यानं घेतलेली किंवा मित्रानं हातात दिलेली रायफलही आली. म्हणजे परवाना आधी, बाकी सगळं नंतर.

यातले सापळे:

पहिला, मुदत. टेक्सासचा शिकार परवाना तुम्ही कधीही काढा, ३१ ऑगस्टला संपतो. मे महिन्यात काढला तरी ३१ ऑगस्टच. १ सप्टेंबरला सकाळी परवाना नाही आणि रायफल मात्र कपाटात आहे, अशी गत व्हिसावरच्या माणसानं होऊ देऊ नये. नवे परवाने ऑगस्टच्या मध्यापासून मिळायला लागतात. फोनवर आठवण लावून ठेवा.

दुसरा, मित्राच्या नावावर घेणं. 'तू घे, पैसे मी देतो' हा आपल्याकडचा सहज व्यवहार इथे केंद्रीय गुन्हा आहे. खरेदीच्या फॉर्मवर (त्याचा क्रमांक ४४७३) पहिल्या काही प्रश्नांतच विचारतात, खरा खरेदीदार तूच का? खोटं लिहिलं की घेणारा आणि घ्यायला लावणारा, दोघंही अडकतात.

तिसरा, पाहुणे. सासरे बी-टू व्हिसावर आलेत, रँच दाखवायला नेलं, फोटोसाठी त्यांच्या हातात रायफल दिली. गंमत वाटते, पण त्यांच्याकडे परवाना नसेल तर कायद्याच्या भाषेत ते बाळगणंच. गाईसोबत फोटो काढा, तोही छान येतो.

दुकानात जाताना बरोबर ठेवायची कागदपत्रं:

- सध्याचा पत्ता असलेलं ड्रायव्हिंग लायसन्स. घर बदललं आणि लायसन्सवर जुनाच पत्ता राहिला, म्हणून परत पाठवलेले लोक मी पाहिलेत.
- ग्रीन कार्ड, किंवा पासपोर्ट, व्हिसा आणि आय-९४ चा क्रमांक
- चालू शिकार परवाना
- हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र. दुकानात ते कुणी मागत नाही, पण रानात वॉर्डन, म्हणजे शिकारीचे नियम तपासणारा सरकारी अधिकारी, मागतो.

हंटर एज्युकेशन टेक्सासमध्ये २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला लागतं. १७ वर्षांपुढच्यांना ते पूर्ण ऑनलाइन करता येतं. कंटाळवाणं वाटलं तरी नीट करा. कुंपण ओलांडताना रायफल कशी ठेवायची हे आपल्याला लहानपणी कुणी शिकवलेलं नसतं. इथल्या पोरांना शिकवलेलं असतं.

दुसऱ्या राज्यात असाल तर तिथले नियम स्वतंत्रपणे बघा. उदाहरणार्थ, कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाची गोळी चालत नाही, त्यामुळे तिथे खाली सांगितलेल्या बऱ्याच गोळ्या बाद होतात.

२. जमीन पाहा, अंतर मोजा

टेक्सासची बहुतेक सगळी जमीन खासगी आहे. त्यामुळे 'कुठे जायचं' याचं उत्तर म्हणजे मालकाची परवानगी. ती लेखी घ्या, आणि कुंपणाची हद्द त्याच्यासोबत गाडीनं फिरून बघून घ्या. तुमची गोळी परवानगीशिवाय शेजाऱ्याच्या हद्दीत गेली तर तोही गुन्हा आहे, मग ती कुणाला लागो न लागो. रस्त्यावरून गोळी झाडायचा तर विचारही नको.

हद्द बघतानाच कॅलिबरचा अर्धा निर्णय होतो. दक्षिण टेक्सासमध्ये मेस्किटची काटेरी झुडपं आणि निवडुंग इतके दाट, की शंभर यार्डांपलीकडचं दिसतच नाही. तिथे भुलवायला यंत्रावर सशाच्या किंकाळीचा आवाज लावला की कायोटी चाळीस यार्डांवर झुडपातून एकदम उगवतो. काही जण तिथे रायफलीऐवजी बारा बोअरची शॉटगन नेतात ते उगाच नाही. पॅनहँडलकडे, म्हणजे टेक्सासच्या उत्तर टोकाला, गेलात तर सपाट माळ, जनावर अर्ध्या मैलावरून दिसतं आणि अडीचशे-तीनशे यार्डांवर येऊन थबकतं. सॅन अँजेलोची बाजू या दोन्हींच्या मधली.

एक रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) घेऊन ज्या जागी बसणार त्या जागेवरून समोरच्या खुणा मोजा: पाण्याची टाकी, फाटक, एखादं वठलेलं झाड. नव्या माणसाचा अंदाज उघड्या माळावर फार चुकतो. वठलेलं झाड 'तीनशे असेल' म्हणावं तर एकशे ऐंशी निघतं.

३. आता कॅलिबर

दोन गोष्टी डोक्यात पक्क्या हव्यात. पहिली, कायोटी हे मोठं जनावर नाही. कोल्ह्याहून मोठं, लांडग्याहून बरंच लहान. टेक्सासमध्ये वजन साधारण १० ते १८ किलो. केसांमुळे थोराड दिसतं, पण छातीतला जिथे गोळी लागायला हवी तो भाग चार-पाच इंचांचाच. म्हणजे ताकदीपेक्षा अचूकता महत्त्वाची.

दुसरी, आकड्यावरून फसू नका. .२२ लाँग रायफल, .२२ हॉर्नेट, .२२३ आणि .२२-२५० या चारही काडतुसांच्या गोळीचा व्यास जवळपास सारखाच आहे. फरक आहे मागच्या पितळी नळकांड्यात मावणाऱ्या दारूचा. .२२ लाँग रायफलची ४० ग्रेनची गोळी सेकंदाला साधारण १,२०० फुटांनी निघते, तर .२२-२५० ची ५५ ग्रेनची गोळी ३,६८० फुटांनी. (ग्रेन हे वजनाचं माप. ५५ ग्रेन म्हणजे साडेतीन ग्रॅमच्या आसपास.)

.२२ लाँग रायफल कायोटीसाठी नकोच. स्वस्त आहे, सरावाला उत्तम आहे, टेक्सासचा कायदाही आडवा येत नाही. पण जखमी जनावर पळून जाऊन दोन दिवसांनी मरणार, ही जबाबदारी घेऊ नये. .१७ एचएमआर (२००२ साली आलं) आणि .२२ मॅग्नम (१९५९) ही त्याची थोरली भावंडं. घराजवळ, शंभर यार्डांच्या आत, जनावर उभं असताना, नेम पक्का असेल तर चालतात. नव्या माणसासाठी इतक्या अटी फार होतात.

.२२३ रेमिंग्टन. दुकानात याला 'टू-ट्वेंटी-थ्री' म्हणतात. १९६४ पासून बाजारात आहे. ५५ ग्रेनची गोळी, वेग सुमारे ३,२४० फूट. दोनशे यार्डांवर नेम लावलात (म्हणजे तिथे गोळी मधोमध लागेल अशी रायफलीवरची दुर्बीण जुळवलीत) तर शंभरावर गोळी दीडएक इंच वर लागते आणि तीनशेवर सहा-सात इंच खाली. म्हणजे सव्वादोनशे यार्डांपर्यंत सरळ छातीवर नेम धरा, हिशेब करायची गरज नाही. धक्का इतका कमी की गोळी लागल्याचं तुम्हाला स्वतःला दुर्बिणीतून दिसतं. हे किरकोळ वाटेल, पण गोळी लागली की हुकली हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसण्यासारखा शिक्षक नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे काडतुसं. एआर-१५ या लोकप्रिय, आपोआप पुढचं काडतूस भरणाऱ्या रायफलीमुळे या काडतुसाचा खप प्रचंड, त्यामुळे ती गावातल्या साध्या दुकानातही मिळतात आणि सेंटरफायरमध्ये, म्हणजे .२२ लाँग रायफलच्या वरच्या ताकदवान काडतुसांमध्ये, सगळ्यांत स्वस्त गटात असतात. महिन्याला तीन-चार डबे झाडायला हात आखडत नाही.

याची कमजोरी म्हणजे वारा. ताशी १० मैलांचा आडवा वारा तीनशे यार्डांवर ही गोळी जवळपास १० इंच सरकवतो. पश्चिम टेक्सासमध्ये दहा मैलांच्या वाऱ्याला कुणी वारा म्हणत नाही.

.२२-२५० रेमिंग्टन. कायोटीवाल्यांचं लाडकं. आधी हौशी लोकांनी घरी बनवलेलं काडतूस. १९६५ मध्ये रेमिंग्टननं अधिकृत केलं. तीनशेवर गोळी पाचएक इंचच खाली येते आणि माराही जबरदस्त. पण काडतुसं महाग, नळी लवकर तापते आणि लवकर झिजते. पॅनहँडलमध्ये राहता आणि फक्त कायोटीच मारणार असाल तर बिनधास्त घ्या. दुसरी रायफल म्हणून ही झकास आहे.

.२०४ रुगर २००४ साली आलं. ३२ ग्रेनची इवलीशी गोळी ४,२०० फुटांच्या वर जाते. धक्का नाहीच, उड्डाण एकदम सपाट. ज्यांच्याकडे आहे ते त्याच्यावर भाळलेले असतात. मला मात्र ते नव्या माणसाला द्यावंसं वाटत नाही. इतकी हलकी गोळी जवळच्या अंतरावर खांद्याच्या हाडावर बसली तर वरच्यावर फुटते, आत जात नाही. घ्यायचंच तर ४० ग्रेनची गोळी वापरा.

.२४३ विंचेस्टर (१९५५) हे .३०८ या मोठ्या काडतुसाच्या नळकांड्याचं तोंड आवळून केलेलं सहा मिलिमीटर गोळीचं काडतूस. कायोटीसाठी ५८ ग्रेन, हरणासाठी ९५ ते १०० ग्रेन. टेक्सासची पांढऱ्या शेपटीची हरणं .२४३ नं हजारो लोक दरवर्षी मारतात. घरात एकच रायफल ठेवायची, बायकोचं म्हणणं तसंच आहे, तर हीच. धक्का .२२३ च्या दुपटीहून जास्त जाणवतो, तरी खांदा दुखेल असा नाही. एक लक्षात ठेवा, ५८ ग्रेनची आणि १०० ग्रेनची गोळी एकाच नेमावर एकाच ठिकाणी लागत नाही. गोळी बदलली की नेम नव्यानं लावायचा.

६.५ क्रीडमूर हे याहून मोठं काडतूस. त्याची रायफल आधीच घरात असेल तर वापरा, चालते. खास कायोटीसाठी विकत घेऊ नका.

४. गोळीचा प्रकार

कॅलिबरवर तासन्‌तास वाद घालणारा माणूस काडतुसं घेताना जो डबा स्वस्त दिसेल तो उचलतो. हे उलटं आहे. स्वस्त डब्यात बहुधा 'फुल मेटल जॅकेट' गोळी असते, म्हणजे सगळीकडून तांब्याचं कवच. ती जनावरातून बारीक भोक पाडून आरपार जाते, जनावर पळतं, आणि गोळी पुढे दगडावर आपटून कुठेही उडते. ती रेंजवर वापरा. कायोटीसाठी पातळ कवचाची, टोकाला प्लास्टिकची चोच असलेली गोळी हवी: हॉर्नडीची व्ही-मॅक्स, नॉस्लरची बॅलिस्टिक टिप, किंवा त्या जातीची दुसरी कुठली. ती आत शिरून फुटते आणि बहुतेक वेळा बाहेर येत नाही. त्यात जनावर जागच्या जागी पडतं आणि मागच्या गुरांनाही धोका कमी.

दोन-तीन कंपन्यांचा एकेक डबा आणून आपल्या रायफलला कुठली मानवते ते बघा. शेजारशेजारच्या क्रमांकाच्या दोन रायफलींची आवड वेगळी निघते. मानवली की तीच चार-पाच डबे एकदम घेऊन ठेवा.

५. नळीवर काय कोरलंय ते वाचा

हा भाग छोटा आहे, पण हात-डोळे वाचवणारा आहे.

नळीवर '.२२३ रेमिंग्टन' कोरलं असेल तर ५.५६ नाटो काडतुसं घालू नका. दोन्ही डोळ्यांना सारखी दिसतात, पण ५.५६ चा दाब जास्त असतो आणि तिच्यासाठी नळीत काडतूस बसतं त्याच्या लगेच पुढे जास्त जागा लागते. उलट चालतं: ५.५६ च्या नळीत .२२३ बिनधास्त. 'वाइल्ड' असं कोरलं असेल तर दोन्ही.

.३०० ब्लॅकआउट हे .२२३ चंच नळकांडं कापून बनवलेलं काडतूस आहे आणि त्याच मॅगझिनमध्ये (रायफलीला लावायच्या काडतुसांच्या पेटीत) बसतं. ते चुकून .२२३ च्या रायफलीत गेलं आणि चाप ओढला तर रायफल हातातच फुटते. एखाद्याकडे दोन्ही रायफली असतील तर त्याच्या पिशवीतलं सुटं काडतूस उचलून आपल्या मॅगझिनमध्ये घालू नका. काडतूस नेहमी आपल्याच डब्यातून, बुडावरचा शिक्का वाचून.

तिसरं, नळीचा पीळ. '१:१२' म्हणजे गोळी बारा इंचांत एक फेरी घेते. .२२३ मध्ये १:१२ ला ५५ ग्रेनपर्यंतच्या गोळ्या मानवतात. ६९-७७ ग्रेनच्या लांब गोळ्यांना १:९ किंवा १:८ लागतो. नव्या रायफली बहुतेक १:८ च्या असतात, त्यांत ५५ ग्रेनही छान चालते. जुनी रायफल घेत असाल तर हे जरूर विचारा.

६. रायफल आणि दुर्बीण

बोल्ट अ‍ॅक्शन घ्या. सॅव्हेज, रुगर, टिक्का, हॉवा, कुणाचीही साधी आवृत्ती चालेल. एआर-१५ वाईट नाही, पण पहिली गोळी हुकली की दुसरी, तिसरी धडाधड सोडायची सवय लागते आणि नेम बिघडतो. वाचलेले पैसे दुर्बिणीत घाला. ३ ते ९ पट मोठं दाखवणारी, ४० मिलिमीटर भिंगाची दुर्बीण पुरते. रानात ती ३ किंवा ४ वरच ठेवा. ९ वर ठेवून बसलात आणि जनावर पन्नास यार्डांवर आलं, तर समोर नुसते केस दिसतात.

सोबत लागणारी बाकीची साधनं: कानात घालायचे बोळे आणि वरून मफ (एकाच गोळीच्या आवाजानं कान कायमचा जाऊ शकतो), तिकाटणं म्हणजे शूटिंग स्टिक्स, रेंजफाइंडर, आवाज काढणारं यंत्र किंवा तोंडानं फुंकायची शिट्टी, जाड हातमोजे, आणि रायफलसाठी कुलूपबंद कपाट. घरात मुलं असतील तर हे कपाट रायफलच्या आधी यायला हवं. टेक्सासमध्ये लहान मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागू दिली तर आईबापावर गुन्हा दाखल होतो.

७. नेम लावणं आणि खरा सराव

आधी २५ यार्डांवर कागद लावून गोळी मधोमध आणा, मग १०० वर, मग २०० वर पक्कं करा. बहुतेक दुर्बिणींचा एक खटका शंभर यार्डांवर पाव इंच सरकवतो, दोनशेवर अर्धा. तीन गोळ्या झाडा, तिघींचा मध्य बघा, मग खटके फिरवा. एकेका गोळीमागे खटके फिरवत बसलात तर संध्याकाळपर्यंत काडतुसं संपतील आणि नेम तिथेच राहील.

एवढं झालं की बाकावरून उठा. बाकावर, वाळूच्या पिशवीवर रायफल ठेवून सगळेच अर्जुन असतात. तिकाटण्यावर रायफल टेकवून, जमिनीवर मांडी घालून किंवा गुडघ्यावर बसून, सहा इंची कागदी डिशवर पाच गोळ्या झाडा. पाचही आत बसल्या ते तुमचं अंतर. पुष्कळांचं ते सुरुवातीला सव्वाशे-दीडशे यार्ड निघतं. तसं निघालं तर .२२-२५० ची तीनशे यार्डांची ताकद तुमच्या काही कामाची नाही. कॅलिबर बदलायची इच्छा झाली की आधी ही परीक्षा द्या.

८. शिकारीच्या सकाळी

वाऱ्याकडे तोंड करून बसा आणि बाजूंवरही लक्ष ठेवा. कायोटी सरळ येत नाही, वळसा घालून तुमच्या पाठीकडून वास घ्यायला बघतो. धावत असताना गोळी सोडू नका. तोंडानं 'वूफ' असा आवाज काढला की बहुधा क्षणभर थांबतो, तेव्हा चाप ओढा. मागे मातीचा बांध किंवा उतार असेल तरच. टेकडीच्या माथ्यावर आभाळासमोर उभा असेल तर जाऊ द्या.

आणि जनावर नक्की कायोटीच आहे ना, ते बघा. शेजाऱ्याचा जर्मन शेफर्ड पहाटेच्या उजेडात फार फसवतो. टेक्सासमध्ये खासगी जमिनीवर रात्रीही कायोटी मारता येतो, पण पहिलं वर्षभर दिवसाच जा.

पडलेल्या जनावराला हातमोज्यांशिवाय हात लावू नका. १९८८ मध्ये दक्षिण टेक्सासात कायोट्यांमध्ये रेबीजची साथ आली होती. १९९५ पासून विमानांतून लसीची आमिषं टाकून ती आटोक्यात आणली. तरी खरूज आणि गोचिड्या असतातच. मेलेलं जनावर कुठे टाकायचं ते मालकाला विचारा. फाटकं जशी होती तशीच ठेवा, उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. मालक पुन्हा बोलावतो की नाही, ते नेमापेक्षा यावर जास्त ठरतं.

९. घरी आल्यावर

रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री, नळी पुसून तेलाचा हात, कपाटाला कुलूप. मग जॅकेटचे खिसे आणि पिशवी उलटी करून झटका. शिकारीची सॅक वेगळीच ठेवा आणि ती कधीही भारतात नेऊ नका. अस्तरात अडकलेलं एक काडतूस मुंबई विमानतळाच्या स्कॅनरवर दिसलं की शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. 'अमेरिकेतल्या शिकारीचं आहे, चुकून राहिलं' हे सांगायला मग वकील लावावा लागतो.